तांबोशी, सर आणि माझी जीभ

मी कॉलेजात हुतो असं सांगितलं की लोक जरा सरकून बसाय जागा देत्यात. मंग इचारत्यात, कुटल्या वर्गाला? मी म्हनतो, सगळ्याच वर्गास्नी. झाडू घिऊन.

शाळा मी पैलीतच सोडली. खरं म्हंजी मास्तरांनी मला सोडलं, पर सांगताना मी सोडली असं सांगायची रीत हाय. तर असल्या मानसाला सोलापुरातल्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या खात्यात शिपायाची जागा मिळाली, आन् तितं मी जी नोकरी केली ती हातानं न्हाय, जिभंनं केली. पैलं वर्स जिभंनं, आन् पुढं नुसत्या तोंडानं. ते कसं, हे सांगायचं तर सरांचं सांगावं लागतंय.

सर कोकनातले. उंच, वाळकं शरीर, मान पुढं काढून चालायचे. मासळी शिकवायचे आन् मासळी खात नव्हते. कुनी का म्हनलं तर म्हनायचे, "ओळखीच्यांना कुणी खातं का हो?" मासळी ऱ्हाऊ द्या, मीठसुद्धा खात नव्हते. रगताच्या दाबासाटी डाक्टरनं बंद केलेलं, ईस वर्सं झालेली. एकदा त्यांनी मला डब्यातली दोडक्याची भाजी दिली. वल्ला पेपर चावल्यागत लागली. मी बरी हाय म्हनलो, तर दुसऱ्या दिवशी माझ्यासाटी येगळा डबा घिऊन आले. लबाडी माझ्या अंगावर अशीच येती, लगीच.

सरांचं सगळं आयुक्श एका मासळीत हुतं. तांबोशी. आता आमच्या सोलापुरात समुद्र म्हंजी नकाशावरला निळा रंग. तांबोशी म्हनलं की लोकास्नी तांबोळ्याची कोनतरी वाटायची. पर सर भेटंल त्याला सांगायचे. तांबोशी लहान असती तवा खाडीत ऱ्हाती. तिवराची झाडं चिखलात पाय सोडून उभी असत्यात, त्या मुळ्यांच्या जाळीत. थोरली झाली की खाडी सोडून भाईर समुद्रात जाती, खडकाच्या कपारी धरती. मानसाच्या कमरंपतुर येईल एवडी वाडती. वरच्या जबड्यात कुत्र्यागत सुळे. पाटलाग करून दमत न्हाय. बिळात पाट लावून बसती, खेकडा नाय तर कोळंबी दारावरनं गेली की एकच झडप. दिवसा आराम, दिवस मावळला की काम.

हे सगळं सर नुसतं शिकवत नव्हते, तसं वागत हुते. हाटेलात गेलं की कोपऱ्यातलं टेबल, पाट भिंतीला. ते टेबल मोकळं नसलं तर उभंच ऱ्हायाचे. मी म्हनलो, सर, हितं बसा की. तर म्हनले, "तांबोशी पाठ उघडी टाकत नाही, गृहस्थ." मला ते कायम गृहस्थ म्हनायचे. माझ्या बायकूला हे सांगितलं तर ती तासभर हसत हुती.

भेटंल त्या मानसाची ते मासळी ठरवायचे. प्रिन्सिपलसाहेब पापलेट. का, तर दोन्ही बाजूंनी बगितलं तरी सारखेच दिसत्यात आन् मधी जाडी न्हाय. शेजारच्या रसायनच्या खात्यातल्या मोट्या सरास्नी त्यांनी भर मिटिंगीत स्पंज म्हनलं. स्पंज म्हंजी समुद्रातलाच एक जीव, सगळं शोषून घेतो, भाईर कायबी येत न्हाय. तवापास्नं त्या दोन खात्यांचं बोलनं बंद. मी लई लाडात येऊन इचारलं, सर, मी कोन? म्हनले, "तुम्ही निवटी. धड पाण्यात नाही, धड जमिनीवर नाही, पण चिखलात एकदम खूष." मी ती चांगली मासळी समजून आठ दिवस सगळ्यांला सांगत फिरलो.

आता सरांचं दुखनं काय हुतं ते सांगतो. त्यास्नी डाक्टरकी पायजे हुती. सुईवाली न्हाय, पुस्तकाची. दोन डाव कागद पाटवलेले, दोन्ही डाव माघारी आलेले. तिसऱ्या डावाला त्यांनी ठरवलं की समुद्राची तांबोशी, समुद्रापास्नं शंभर कोस लांब, सोलापुरात, खाडीच्या चवीच्या पान्यात तीन वर्सं जित्ती ठिवायची, ती कशी वाडती त्याचं रोजचं टिपन करायचं, आन् ते पाटवायचं. ते पास झालं की डाक्टर, आन् डाक्टर झालं की खात्याचे मुख्य. न्हाय झालं तर त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक पोरसवदा मानूस डाक्टर हुऊन बसला हुता, त्यो मुख्य हुनार. सर त्याचं नाव घेत नव्हते. त्याची मासळीबी ठरवत नव्हते. तवाच मला कळलं की हे लागलंय आत.

मासळी आनाय आमी दोगं कोकनात गेलो. सरांनी मला भरती वसरल्यावर गुडघाभर चिखलात नेलं. तिवराच्या मुळ्यात हातजाळं टाकून पाच पिल्लं धरली, बोटाएवडी. तपकिरी अंग, त्यावर पांडरं पट्टं, डोळ्याखाली एक निळी रेघ, कुनी काजळ घातल्यागत. मंग म्हनले, "गृहस्थ, आता ओंजळभर पाणी प्या." मी पेलो आन् वकलो. म्हनले, "परत प्या. ही चव डोक्यात ठेवा. समुद्राची नको, खाडीची." तीन डाव पेलो. लोक कोकनात जाऊन आंबं खात्यात. मी काय खाल्लं ते सांगितलंच.

येताना दुधाच्या दोन कॅनमदी पिल्लं. यस्टीत कॅन माझ्या मांडीवर. पान्यात हवा मिसळाय पायजे म्हनून सरांनी सांगितलेलं की तळहातानं पान्यावर थापट्या मारत ऱ्हायाचं, थांबायचं न्हाय. कंडक्टर दोनदा येऊन बगून गेला. त्याला वाटलं म्या येडा हाय आन् सर मला मिरजंच्या दवाखान्यात दाखवून आनत्यात. मी मारल्या की थापट्या, सांगोल्याच्या अलीकडपतुर मारल्या. तितं माझा डोळा लागला. सोलापुरात उतरलो तवा चार पिल्लं उताणी. सर एका कॅनमदी वाकून बगत बसले आन् म्हनले, "एक आहे. एक म्हणजे शून्य नव्हे." त्यापक्शा त्यांनी मुस्काडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

कॉलेजच्या मागं शिमिटाचा मोटा हौद हुता, दोन म्हशी निवांत बसतील एवडा. त्यात आमी दोन फुटके रांजन आडवे टाकले, तेच तिचं बीळ. तिवर कुटनं आनायचा, म्हनून बाभळीच्या मुळ्या उकरून टाकल्या. तिनं पैल्याच दिवशी डावा रांजन धरला आन् तितनं हलली न्हाय. मी तिला बाई म्हनायचो. सर म्हनायचे, तिला नाव देऊ नका, माणूस नाव दिलं की खोटं टिपायला लागतो.

पान्याचा खारेपना बगायला सरांकडं काचंची एक नळी हुती. पान्यात सोडली की किती मीठ हाय ते सांगायची. ती पैल्याच आटवड्यात मी पुसायला घेतली. पुसली. मोडली. दुसरी मुंबईस्नं मागवायची तर प्रिन्सिपल म्हनले पुढच्या साली बगू. रसायनवाल्यांकडं असली येवस्था हुती, पर तितं स्पंज. सरांनी सोता चव घ्यायची तर ईस वर्सांची अळणी जीभ. म्हनले, "मला डोळ्यातलं पाणीसुद्धा लोणचं लागतं. माझी जीभ बाद आहे. तुमची चालेल."

असं ते झालं. रोज सकाळी हौदातलं चार घागरी पानी काडायचं, चार घागरी ताजं घालायचं, त्यात जाडं मीठ इरघळवायचं, आन् मी चमचाभर तोंडात घिऊन डोळं मिटायचे. सर वही घिऊन उभे.

"चव?"

"खाडी."

मंग ते तारीख टाकायचे, खाडी लिवायचे आन् मी म्होरं अंगटा उटवायचो. खोटं सांगत न्हाय, पैलं वर्सभर माझी जीभ सोनं हुती. एक दिवस मी म्हनलो, आज खाडी न्हाय, जरा समुद्राकडं सरकलंय. सरांनी माझा खांदा दाबला. जल्मात मला कुनी परीक्शेत पैला नंबर दिला असंल तर त्यो त्या दिवशी.

खायाला सुरवातीला वड्यातले खेकडे आनायचो. खेकड्यांनी माझी सगळी बोटं मोजली. मंग ती वाडली, पट्टं पुसट झालं, अंगाला तांब्याच्या हांड्यागत रंग आला, आन् खेकडे पुरनात. म्हनून खाटकाकडनं काळजाचं तुकडं आनाय लागलो. खाटीकचाचा रोज इचारायचा, "क्या रे, कालेज में शेर पाले क्या?" मी म्हनायचो, मासळी हाय. त्यो म्हनायचा, "बकरा खानेवाली मछली? झूट भी ढंग से बोल रे." शेवटी मी हो म्हनलो, शेर हाय. तवापास्नं त्यो मला जरा आदबीनं तुकडं द्यायला लागला.

एकदा रांजन घासताना मी हात आत घातला आन् तिनं धरला. सुळं पार हाडाला. मी बोंबललो तसं सर पळत आले, माझा हात धरला, खिशातनं भिंग काडलं, दाताचे वळ बगितले, पट्टीनं दोन सुळ्यांतलं अंतर मोजलं, वहीत लिवलं, शाई वाळूस्तवर फुंकर घातली, आन् मंग म्हनले, "तुम्हाला लागलं का हो?"

आता चुन्याचं सांगतो. हे सांगायला मला तीस वर्सं लाज वाटली, आता दात ऱ्हायले न्हाईत तर लाज कुटं ठिवनार.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी माझा म्हेवना बहिणीला न्यायला आला. आमची मंडळी अक्कलकोटकडची. घरात मराठी बोलती, राग आला की कानडीत जाती, त्यामुळं तिचा राग मला निम्माच कळतो. तिनं भावासाटी शेंगाची चटणी कुटली. त्या साली पाऊस न्हाय, मिरची वाळून नुसती आग झालेली. म्हेवना म्हनला, दाजी, तुमच्या सोलापूरवाल्यांला हे सोसायचं न्हाय. मला असलं कुनी म्हनलं की माझं डोकं बंद हुतंय. मी मूठभर चटणी कोरडी तोंडात टाकली.

डोळ्याम्होरं सगळं पांडरं झालं. पानी मागतोय तर आवाज फुटंना. मंडळीनं लोनी काडून डबीत ठिवल्यालं मला म्हाईत हुतं. फळीवर हात मारला, डबी लागली, उगडली, बोटं भरून पांडरं पांडरं काडलं आन् जिभंला थापलं.

ती तंबाकूची चुन्याची डबी हुती.

लोक दुसऱ्याला चुना लावत्यात. सोताच्या जिभंला लावनारा मी एकलाच. जिभंची साल निगाली. मंडळी डोक्याला हात लावून म्हनली, "हुच्चा." एवडी कानडी मला येती, येडा म्हंजी. ती भावासंगं म्हाईरला गेली आन् मी आठ दिवस कांजी पेलो.

दुसऱ्या दिवशी हौदावर गेलो. मीठ इरघळवलं, चमचा तोंडात घेतला. कायच न्हाय. आग, बास. सर वही घिऊन उभे.

"चव?"

काय सांगू? काचंची नळी मी मोडलेली. चार पिल्लं माझ्या डुलकीनं मेलेली. नोकरी अजून कच्ची. आन् त्या मानसाला माझ्या सगळ्यात फकस्त जीभच कामाची वाटत हुती. तीबी गेली म्हनून सांगू?

"खाडी," मी म्हनलो.

मंग माझं मीच गनित केलं. मीठ जास्ती पडलं तर बाई मरंल. कमी पडलं तर निदान लगीच मरनार न्हाय. म्हनून रोजच्यापक्शा निम्मं घातलं. ती मजेत. पुढच्या म्हैन्यात पाव घातलं. ती आनिक मजेत. दिवाळीपतुर मी मीठ घालायचं बंदच केलं. पर पोत्यातलं मीठ उतरलं न्हाय तर सरास्नी कळंल, म्हनून रोज तेवडं मीठ काडून मी इमारतीच्या मागनं नेऊन टाकायचो, प्रिन्सिपलसाहेबांच्या गुलाबाच्या वाफ्यात. दुसरीकडं कुटं टाकलं तर कुनी बगितलं असतं. तितं कुनी फिरकत न्हाय. गुलाब म्हैन्यात वाळले. साहेब म्हनले, दुष्काळ. मीबी म्हनलो, दुष्काळच की साहेब.

दिवाळी झाली आन् एक दिवस भाकरीला चव लागली. जीभ परतली. मी खुशीत पळत हौदावर गेलो, चमचा घेतला. निवळ गोडं पानी. विहिरीचं असतंय तसं. आता एकदम मीठ घालावं तर बाई मरंल, आन् न्हाय घालावं तर पाप. मी रोज अंगटा उटवत ऱ्हायलो. रोज खाडी. सरांच्या वहीतलं एकेक पान मी सडवत चाललो हुतो आन् सर त्याला कव्हर घालत हुते.

दुष्काळ वाडला. माझा भाऊ सांगोल्याकडं खडी फोडायला गेला. शहरात टँकर आला की बाया कळशा घिऊन पळायच्या. होस्टेलच्या पोरास्नी एकेक बादली. शिमग्याच्या सुमाराला प्रिन्सिपलसाहेब हौदावर आले. वाईट मानूस नव्हते, पोरांची तोंडं बगून आलेले. म्हनले, टँकरचं पानी साटवायला मला जागा न्हाय. हा हौद पायजे. ह्यातलं खारं पानी कुनाच्या उपेगाचं न्हाय, ते काडून टाका. आठ दिवस देतो.

सरांनी वाद घातला न्हाय. ती पोरं त्यांचीबी हुतीच की. साहेब गेल्यावर मला म्हनले, "गृहस्थ, दुधाचे कॅन घासून ठेवा. तिला परत खाडीत सोडू. पाणी आहे तेच, तिला फरक पडायचा नाही." वही मिटली. तीन वर्सांतली निम्मी पानं कोरी. वर हात ठिवून म्हनले, "एवढं झालं हेही पुष्कळ." त्यो पोरसवदा डाक्टर त्याच टायमाला व्हरांड्यातनं चालला हुता. सर उगंच चष्मा पुसाय लागले.

मी कॅन घासले. घासता घासता माझ्या डोक्यात आलं की ह्यास्नी वाटतंय पानी खारं हाय. ही दिवाळीपास्नं गोड्या पान्यात हाय, आन् हे तिला नेऊन धाडकन खाडीत वतनार. मंग पाचव्या पिल्लालाबी मीच मारलं. न्हाय सांगितलं तर बाई जाती, सांगितलं तर मी जातो. मला वाटायचं असल्या टायमाला मानसाच्या आतनं काय तरी मोटं बोलतंय. मी नुसता घासलेला कॅन उपडा घातला. गेलो.

"सर, खाली बसून घ्या."

"का हो?"

"पानी गोडं हाय."

"कुठलं?"

"तिचं."

सर उटून हौदावर गेले. तांब्या बुडवला, घोट घेतला. बराच येळ तोंडात घोळवला.

"मला तर काहीच लागत नाही."

"तेच की, सर. काय न्हायच त्यात."

त्यांनी आनिक एक घोट घेतला. मंग तांब्या खाली ठिवला आन् मला इचारलं, कदीपास्नं. मी सगळं सांगितलं. चटणी, म्हेवना, डबी. चुन्यापाशी आलो तवा त्यांचं तोंड हललं, पर हसले न्हाईत. नागपंचमी म्हनल्यावर आत जाऊन पंचांग आनलं, तारीख शोदली, वहीत तितं लाल रेघ मारली. त्या रेघंपास्नं पुढचं एकेक पान उलटत गेले आन् परत्येक 'खाडी'वर काट मारली. माझ्या अंगट्यावर न्हाय, नुसत्या खाडीवर. दुपार गेली त्यात. मी समोर उभा. बस म्हनाले न्हाईत, जा म्हनाले न्हाईत.

शेवटचं पान झालं तशी त्यांनी मान वर केली. "म्हणजे ही दिवाळीपासून गोड्या पाण्यात आहे."

"व्हय."

"आणि वाढली."

"लई वाडली, सर. माझा हात इचारा."

ते उटले आन् जे पळत सुटले ते थेट प्रिन्सिपलच्या खोलीत. मी मागनं. सर म्हनले, हौद मोकळा करायची गरज न्हाय, पानी गोडं हाय, टँकर खुशाल त्यातच वता. साहेब म्हनले, मासळीचं पानी पोरास्नी पाजू? सर म्हनले, विहिरीत कासव सोडता की न्हाय तुमी? मासळी सोडता की न्हाय, पानी साफ ऱ्हावं म्हनून? साहेब म्हनले, आदी तुमी पिऊन दाखवा. सर पेले. मला पाजलं. मंग साहेब उगंच बाकीच्यांकडं बगून अर्दा पेला पेले आन् म्हनले, "गोड आहे खरं." आन् मला इचारलं, "मग इतकं मीठ गेलं कुठं?"

मी खिडकीभाईर बगितलं. तितं गुलाबाच्या काटक्या उभ्या. साहेबांनीबी बगितलं. माझी नोकरी तवा न्हाय गेली, एवडंच सांगतो. पर पुढं तीन पावसाळं त्या वाफ्यातली माती मी एकट्यानं बदलली.

त्यो उनाळा आक्खं होस्टेल बाईच्या हौदातलं उकळून, गाळून पेलं. पोरं बादल्या घिऊन रांगंत, आन् सर कट्ट्यावर उभं राहून त्या रांगंला तांबोशी शिकवायचे. कुनाला पळून जाता येत नव्हतं, बादली भरायची हुती. रांगंत घुसायचं मातूर कुनी धाडस केलं न्हाय. रांजनातनं ते तोंड भाईर यायचं, सुळ्यासकट, आन् पोरं आपसूक शिस्तीत. साहेब म्हनायचे, असला वॉचमन आपल्याला आजवर मिळाला न्हाय.

पाऊस पडला, पुढचं सालबी गेलं, तीन वर्सं भरली. बाई माझ्या कोपरापास्नं बोटापतुर झाली. विद्यापीठातनं तपासायला येगळेच एक साहेब आले, वयस्कर, मोट्या नावाचे. हौदात बगितलं आन् हातातली पिशवी खाली ठिवली. तासभर वही वाचली. मी च्या घिऊन गेलो तवा ते सरास्नी म्हनत हुते, समुद्राची मासळी गोड्या पान्यात एवडी वाडलेली मी आजवर बगितली न्हाय. पर हे लाल रेघंचं काय? 'शिपायाच्या चुकीनं मीठ थांबलं, त्यानं कवा किती कमी केलं त्याची नोंद न्हाय', हे असलं लिवलं तर मला हे पास करता येत न्हाय. चूक म्हंजी प्रयोग न्हवं.

मंग ते खुर्ची पुढं वडून मऊ आवाजात म्हनले, "एवढंच बदला. मी मुद्दाम, टप्प्याटप्प्यानं मीठ कमी केलं, असं लिहा. टप्पे अंदाजानं घाला. उत्तम काम आहे, पदवी तुमचीच."

सरांनी धा मिंटं मागून घेतली आन् हौदावर आले. मी खेकडा फोडत हुतो. म्हनलो, सर, म्या ऐकलं. लिवा की. टप्पे मी सांगतो, निम्मं, पाव, मंग बंद. खोटं थोडीच हाय. तुमी केलं काय आन् मी केलं काय. कुनाला कळतंय? बायकूला मी सांगतो गप ऱ्हा म्हनून. आन् माझं म्हनाल तर मला वाचायबी येत न्हाय, तुमी त्यात काय लिवलंय ते मला जल्मात कळायचं न्हाय.

सर पान्यात बगत ऱ्हायले.

"वाचता येत नाही हो," म्हनले, "पण तुम्हाला ठाऊक आहे ना."

एवडंच. आत गेले. दार उगडंच हुतं. शबुद मला ऐकू आला न्हाय, खुर्ची मागं सरकल्याचा आवाज तेवडा आला, आन् जरा येळानं त्या साहेबांनी पिशवी उचलली.

डाक्टर म्हनून त्यो पोरसवदाच मुख्य झाला. सर त्याच्या हाताखाली सात वर्सं ऱ्हायले. त्यो खोलीत आला की उटून उभं ऱ्हायाचे, आन् त्यानं न्हाय न्हाय म्हनलं तरी उभं ऱ्हायाचे.

मला जल्मभर लोकांनी 'ह्याला काय कळतंय' म्हनून सोडून दिलं. माझ्यादेखत पैशाचं बोलले, भानगडीचं बोलले, मी खोलीत हाय का स्टूल हाय ह्याचा कुनाला फरक पडला न्हाय. आन् मलाबी ते बरंच पडायचं. मला ठाऊक हाय म्हनून अडलेला मानूस मी एकच बगितला. त्या दिवशी खेकडा तसाच हातात ऱ्हायला, आन् मला काय करावं ते सुचंना, म्हनून मी उगंच जाऊन हात धुतले, नखं बगितली, आन् सदऱ्याचं वरचं बटन लावलं.